तीन अभ्यासक्रम, एक वजाबाकी

५०३ वजा २६८. थोरलीने उत्तर लिहिलं ३६५. मी खोडरबर पुढे सरकवला. तिने खोडलं, पुन्हा सोडवलं आणि पुन्हा ३६५च लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मला हे सगळं येतं. फक्त उत्तर चुकतं."

घरी शिकवायला सुरुवात करून तेव्हा दहा महिने झाले होते आणि गणिताचा तिसरा अभ्यासक्रम चालू होता. पहिला अवजड म्हणून सोडला, दुसरा उथळ म्हणून. तिसऱ्याबद्दलही माझ्या मनात तक्रारींची यादी तयार व्हायला लागली होती आणि चौथ्याची नमुना पानं डाउनलोड करून ठेवली होती. बायकोने ती पाहिली आणि विचारलं, "तू पुस्तक बदलतोयस की शिकवायचं टाळतोयस?" तेव्हा राग आला. हे प्रकरण लिहून काढताना वाटतं, तिचा नेम फार चुकला नव्हता.

परिस्थिती

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची आणि मुलगा सहाचा. मुलगी तीन वर्षं शाळेत गेली होती, मुलगा गेलाच नाही. शाळा का सोडली ते इथे लांबवत नाही. प्रत्येक घराची ती कहाणी वेगळी असते आणि सांगणाऱ्याला ती आहे त्यापेक्षा जास्त थोर वाटते. या प्रकरणासाठी महत्त्वाच्या गोष्टी दोनच. बायको पाळ्यांमध्ये काम करते: एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. मी घरून अर्धवेळ काम करतो, त्यामुळे शिकवण्याचा मुख्य भार माझ्यावर.

कायदा आधी पाहिला, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं फुकट. देशागणिक हा प्रकार इतका बदलतो की दुसऱ्या देशातल्या कुटुंबाचा सल्ला जपूनच घ्यावा. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं, त्यामुळे घरी शिकवायला जवळजवळ वाव नाही. इंग्लंडमध्ये घरी शिकवणाऱ्यांना राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचं बंधन नाही. अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतो: कुठे कळवावंही लागत नाही, कुठे दर वर्षी मुलाच्या कामाची फाइल किंवा चाचणीचा निकाल दाखवावा लागतो. आपल्याला कोणाला काय दाखवावं लागणार आहे, हे अभ्यासक्रम निवडण्याआधीच माहीत असलेलं बरं. आम्ही एवढं मात्र नीट केलं.

निवड कशी झाली

होमस्कूलिंगबद्दल वाचायला लागलं की आठवड्याभरात माणूस पंथांच्या गर्दीत सापडतो. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेच्या वाटेने जाणारे लोक छोटे पाठ, जिवंत भाषेतली पुस्तकं आणि वाचलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगणं यावर भर देतात. मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांचा भर मुलाच्या हाताला जमेल अशा साधनांवर. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांच्या विचारांवर १९१९ साली श्टुटगार्टमध्ये निघालेल्या शाळेच्या परंपरेत एकच विषय सलग तीन-चार आठवडे रोज सकाळी घेतात. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या एका व्याख्यानापासून स्फूर्ती घेतलेले लोक व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा जुन्या युरोपीय पायऱ्यांनी मुलाला चढवतात. आणि या सगळ्यांच्या पार दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट. १९७७ साली त्यांनी या विषयावर नियतकालिकच सुरू केलं. अभ्यासक्रम नकोच, मुलाच्या कुतूहलामागून चला, हे त्यांचं म्हणणं.

मी सगळं वाचलं, आणि यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या मुलाबद्दल बरोबर आहे असं माझं मत झालं. एक प्रश्न मात्र मी कोणालाच विचारला नाही: हे करायला दिवसभर मोकळं असलेलं माणूस कोण? माँटेसरी काय किंवा श्टायनर काय, त्यांच्या वर्गात त्यासाठीच तयार झालेला शिक्षक उभा असायचा. मेसनबाईंनी खास घरांसाठी लिहिलं खरं, पण १८९२ साली त्यांनी अँबलसाइडला संस्था काढली ती गव्हर्नेस, म्हणजे घरी येऊन मुलांना शिकवणाऱ्या बायका, तयार करायला. म्हणजे ज्या घरांचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, त्यातल्या बऱ्याच घरांत शिकवायला पगारी माणूस होतं. आमच्या घरात मी होतो, आणि माझ्या फोनवर कामाचे निरोप येत होते.

निवड केली ती रात्री साडेअकरा वाजता. एका संपूर्ण वर्षाच्या तयार अभ्यासक्रमाची नमुना पानं चाळत होतो. इतिहास, विज्ञान, कविता, चित्रं, सगळं एकमेकांत सुरेख गुंफलेलं. मला दिसायला लागलं: खिडकीशी बसून मी मोठ्याने वाचतोय, दोन्ही मुलं ऐकताहेत, कोणाला कसली घाई नाही. सकाळी पैसे भरले.

हा अभ्यासक्रम मुलांसाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगत होतो. घेतला होता तो माझ्यातल्या एका बाबासाठी: ज्याला सकाळी घाई नसते, जो आदल्या रात्री धडा वाचून ठेवतो, ज्याचा आवाज चढत नाही. तसा बाबा आमच्या घरी राहत नव्हता.

पहिले दहा महिने

पेटी आली. मार्गदर्शिकेत छत्तीस आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे वर्षाचे एकशे ऐंशी रकाने, आणि प्रत्येक रकान्यात सात नोंदी. दोन मुलांच्या मिळून चौदा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांवर टिक झाली, कारण मी सुट्टी टाकली होती. दुसऱ्या आठवड्यात दहा-अकरा. नवव्या आठवड्यात आम्ही सहाव्याच्या बुधवारात होतो आणि शनिवारी बसून भरपाई करत होतो. रविवारी मी सोमवारची तयारी करायचो आणि सोमवारी पाळी बदललेली असायची.

शाळेचं अनुकरण आम्ही शाळेपेक्षा कडक केलं. नऊ ते बारा, मग एक ते तीन. घंटा तेवढी नव्हती. एका मुलाला समोर बसवून एखादी गोष्ट शिकवायला लागणारा वेळ आणि तीस जणांच्या वर्गाला लागणारा वेळ यांचा काही संबंध नसतो, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मीही वाचलं होतं. तरी तीन वाजायच्या आत वही मिटली की मला अपराधी वाटायचं.

त्या पेटीतलं गणित चक्राकार पद्धतीचं होतं. रोज एक छोटा नवा तुकडा आणि त्याच्या जोडीला आधीच्या सगळ्या धड्यांतली तीसेक सरमिसळ गणितं. अमेरिकेत जॉन सॅक्सन यांच्या पुस्तकांनी १९८०च्या दशकात हा घाट लोकप्रिय केला. त्यामागचं तत्त्व पक्कं आहे: शिकलेलं विसरतं आणि मध्ये अंतर ठेवून पुन्हा पुन्हा समोर आलं की टिकतं, जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी विसरण्याची मोजमापं १८८५ सालीच छापली होती. पण तीस गणितं पाहून थोरली रडवेली व्हायची आणि मी दयाळूपणे सम क्रमांकाची गणितं गाळायचो. पुढे कधीतरी लक्षात आलं की काही प्रकार त्या पुस्तकात नेमके सम क्रमांकांवरच येत होते. सरमिसळ सराव हाच ज्याचा जीव, त्या पुस्तकाचा अर्धा सराव मी कापला आणि वर ते पुस्तक काम करत नाही असा निकाल दिला.

दुसरा अभ्यासक्रम संगणकावरचा होता. मुलगी खूश, मी त्याहून खूश, कारण मला पाऊण तास कामाला मिळत होता. पडद्यावर सगळं हिरवं दिसायचं. एकदा चहा घेऊन मागे उभा राहिलो. तिने प्रश्न न वाचता इशाऱ्याचं बटण तीनदा दाबलं, तिसऱ्या इशाऱ्यात उत्तर आलं, ते तिने रकान्यात भरलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली. चार पर्याय असले तर वहीत काहीतरी करायची आणि आलेलं उत्तर पर्यायांत नसलं की त्यातल्या त्यात जवळचं निवडायची. यात तिची लबाडी नव्हती. खेळाचा नियम तिला बरोबर कळला होता, मला कळला नव्हता.

तिसऱ्या खेपेला सिंगापूरच्या घाटाचं गणित घेतलं. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या संस्थेने १९८२ साली प्राथमिक गणिताची पुस्तकं काढली, त्यांच्यावर आधारलेली पुस्तकं आता जगभर मिळतात. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग अंक, असा क्रम. मुळाशी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा विचार. एक कल्पना पक्की होईपर्यंत तिच्यावरच थांबायचं. पुस्तक खरोखर चांगलं होतं. मी वय पाहिलं, नऊ, आणि चौथी पातळी मागवली. प्रकाशकाची पातळी ठरवायची चाचणी फुकट होती. ती घेतली नाही, कारण शाळेत तिला गुण चांगले होते. वस्तूंची पायरी गाळली, कारण ती 'आता मोठी' होती. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रडारड.

ती दुपार

"मला हे सगळं येतं, फक्त उत्तर चुकतं" या वाक्याने मी अडखळलो. तोवर मी चूक दाखवायचो, कधी बरोबर पद्धत पुन्हा करून दाखवायचो. तिला तोंडाने बोलत गणित करायला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "आठातून तीन गेले, पाच. सहातून शून्य गेले, सहा. पाचातून दोन गेले, तीन. तीनशे पासष्ट."

प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वरच्या ओळीत असो की खालच्या. नियम साफ, चोख पाळलेला, आणि चुकीचा. बिनहातच्याच्या वजाबाकीत हा नियम कधीच उघडा पडत नाही, तिथे वरचा अंक मोठाच असतो. शाळेच्या कार्यपत्रिकांवर हातच्यासाठी अंकांच्या डोक्यावर छोटे चौकोन छापलेले असायचे, ते भरले की गाडी आपोआप पुढे जायची. कोरी वही समोर आली की चौकोन नाहीत, मग तिचा स्वतःचा नियम. त्यात पाढे तिचे तोंडपाठ. आजोबांनी पेंगत असताना विचारलं तरी "सात आठे छप्पन्न" खाडकन यायचं, त्यामुळे हिचं गणित कच्चं असेल अशी शंका घरात कोणालाही आली नाही.

ही चूक इतकी नेहमीची आहे की जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांचा संगणकाच्या मदतीने अभ्यासच मांडला होता. त्यांचं म्हणणं असं, की मूल बहुतेक वेळा धांदरट नसतं. ते एक चुकीची रीत प्रामाणिकपणे पाळत असतं. मला हे कळल्यावर आधी हायसं वाटलं. मग दहा महिने आठवले. एवढ्या काळात मी "नीट लक्ष दे" हे किती वेळा म्हटलं असेन त्याचा हिशेब नको.

पाठकोरा कागद घेतला. शंभराला चौकोन, दहाला उभी रेघ, एकाला ठिपका. तिने पाच चौकोन आणि तीन ठिपके काढले. आता यातून आठ ठिपके काढून दे, असं म्हटलं. तीनच होते. "रेघ फोडते," ती म्हणाली आणि रेघ शोधायला लागली. रेघ नव्हतीच. बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मी तोंड बंद ठेवलं, आणि दहा महिन्यांतलं माझं सगळ्यात अवघड काम ते होतं. मग तिने एक चौकोन खोडला आणि शेजारी दहा रेघा मारल्या, मोजून. त्यातली एक खोडली, दहा ठिपके काढले. तेरातून आठ, पाच. नऊ रेघांतून सहा, तीन. चार चौकोनांतून दोन, दोन. २३५. "म्हणजे शून्याकडे काहीच नसतं," ती म्हणाली, "म्हणून शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडे जायचं." मग स्वतःहून २३५ मध्ये २६८ मिळवून पाहिले.

पातळीची चाचणी दोन संध्याकाळींत उरकली. दुसऱ्या पातळीचा उत्तरार्ध निघाला. पुस्तक आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "हे कितवं?" पातळीचा आकडा कव्हर घालून झाकावा असं मनात आलं होतं, पण धाकट्याने ते दोन दिवसांत फाडलं असतं. खरं सांगितलं. दोन दिवस फुरंगटून बसली. त्या पुस्तकातलं निम्म्याहून जास्त तिला येत होतं, त्यामुळे सात आठवड्यांत ते संपलंही. तिचा राग पुस्तकाच्या सोपेपणावर नव्हता, आकड्यावर होता. मोठ्यांनी तिला इयत्ता विचारत विचारत तो आकडा तिच्या नावासारखा करून ठेवला होता.

नोंदवही

गणिताचा उलगडा झाल्यावर बायकोने दुसरा मुद्दा काढला. तिचं म्हणणं, वजाबाकी एका दुपारी सापडली, मग दहा महिने का नाही? मी म्हटलं, वेळ नव्हता. "मग किती होता ते लिही," ती म्हणाली.

दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहिलं: मी कुठे आहे, काय करतोय, मुलं काय करताहेत. नियोजन करायचं नाही, झालेलं तेवढंच लिहायचं. कामावरचा माणूस म्हणून मी बरीच तक्ते-अहवाल पाहतो, पण इतका अपमानास्पद अहवाल दुसरा वाचला नाही. मार्गदर्शिका रोजचे पाच तास धरून चालत होती. माझं अविभक्त लक्ष, म्हणजे फोन नाही, भांडी नाही, दुसरं मूल खांद्यावर नाही, असं सकाळपाळीच्या आठवड्यात रोज सरासरी दोन तास दहा मिनिटं भरलं. रात्रपाळीच्या आठवड्यात एक तास वीस, कारण तेव्हा दुपारपर्यंत घर शांत ठेवायचं असतं आणि सहा वर्षांचा मुलगा शांत ठेवणं हेच एक पूर्णवेळ काम आहे. सलग सगळ्यात मोठा तुकडा पस्तीस मिनिटांचा.

अभ्यासक्रम निवडताना मुलाचा कल, मुलाची गती, मुलाची शिकण्याची तऱ्हा यांवर पानंच्या पानं लिहिलेली सापडतात. पस्तीस मिनिटांचा तुकडा असलेल्या माणसाला कोणतं पुस्तक झेपेल यावर फारसं नाही. धड्याआधी वीस मिनिटं तयारी मागणारं पुस्तक कितीही सुंदर असलं तरी आमच्या घरात ते न उघडलेलंच राहणार होतं, आणि राहिलं. उलट माझ्या ओळखीच्या एका घरात आईला तयारी करायला आवडतं. तिला वाक्यं पढवणारी मार्गदर्शिका दिली तर ती चार दिवसांत कोपऱ्यात जाईल. मूल दोन्हीकडे शिकेल. शिकवणारा टिकला पाहिजे.

फेरमांडणी

विषयांची यादी बाजूला ठेवली आणि कामं वाटली ती माझी गरज किती यावर. मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय होत नाहीत अशी कामं दोनच निघाली: थोरलीच्या गणितातली नवी कल्पना आणि धाकट्याचं वाचन. ती रोज, पाळी कुठलीही असो. इतिहास, विज्ञान, गोष्टी, कविता दोघांना एकत्र. वयात तीन वर्षांचं अंतर असलं तरी एकच पुस्तक ऐकून दोघं आपापल्या उंचीचं घेतात. गणिताचा सराव, नक्कल करून लिहिणं आणि थोरलीचं स्वतःचं वाचन हे माझ्याशिवाय.

वारांचं वेळापत्रक फाडलं. सोमवारी विज्ञान, मंगळवारी इतिहास असं ठरवलं की पाळी बदलली की एक विषय हमखास बुडतो, आणि नेहमी तोच बुडतो. आता विषयांची रांग आहे. इतिहास, विज्ञान, चित्रकला, नकाशे. आज जिथे थांबलो त्याच्या पुढचा उद्या, उद्या जमलं नाही तर परवा. मागे पडलो असं वाटायची सोयच उरली नाही, त्यामुळे भरपाईचे शनिवारही गेले. हे इतकं साधं आहे की पहिल्या वर्षी का सुचलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गणिताला सिंगापूरचंच पुस्तक राहिलं, योग्य पातळीवरचं. जिला मी नावं ठेवली त्या पेटीतली वाचनाची पुस्तकंही राहिली, आणि तीच खरी पेटीची कमाई ठरली. फक्त रकाने फेकले. मेसनबाईंकडून दोन गोष्टी घेतल्या: पाठ पंधरा-वीस मिनिटांचा आणि वाचून झाल्यावर परत सांगणं. बाकी त्यांचं त्यांच्यापाशी.

धाकट्यासाठी काही विकत घेतलं नाही. रोज दहा मिनिटं, हाताने लिहिलेली शब्दांची कार्डं. स्वरचिन्हं भराभर आली. जोडाक्षरांपाशी, त्यातही 'र'पाशी गाडी रुतली. 'ट्रक' पहिल्या दिवशी आला, कारण त्याला ट्रक आवडतात. 'चक्र' आठवडाभर 'चकर' होता. 'सूर्य' तो 'सूय' वाचायचा; डोक्यावरचा रफार त्याला नक्षी वाटत होता. एकाच अक्षराने एवढी सोंगं का घ्यावीत असं त्याने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी त्याला लाल पेन दिलं आणि जुन्या कागदांवरचे सगळे 'र' पकडून आण म्हटलं. दीड महिना गेला त्यात. एखादा तयार संच घेतला असता तर पंधरा दिवसांत झालं असतं असं मला वाटत नाही.

एक दिवस

रात्रपाळीच्या आठवड्यातला एक बुधवार, नोंदवहीतून.

बायको साडेसातला आली, आठ वाजता झोपली. तिच्या खोलीचं दार बंद झालं की घरात कुजबुजीचा कायदा लागू. थोरली स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरावाची गणितं घेऊन बसली, धाकटा माझ्या शेजारी कार्डं घेऊन. कुजबुजत वाचायला त्याला आवडतं, गुपित असल्यासारखं. पंधरा मिनिटं झाली, मग पाणी सांडलं. नऊ ते दहा मी कामाच्या बैठकीत, मुलं बाहेर. दहा वाजता परत येऊन एका पुस्तकातलं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरचं प्रकरण वाचलं. आर्क्टिक टर्न नावाचा पक्षी दर वर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि परत येतो. पुस्तक मिटून धाकट्याला म्हटलं, सांग. तो म्हणाला, "त्याला थंडी आवडत नाही. म्हणून तो जगाच्या खालच्या टोकाला जातो, तिथे तेव्हा उन्हाळा असतो. म्हणजे त्याला वर्षात दोन उन्हाळे." थोरली वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मग त्याचे दिवसपण सगळ्यांत मोठे." मी काही विचारलं नव्हतं, तिचा तो पाठही नव्हता. पुढची वीस मिनिटं पृथ्वी म्हणून चेंडू आणि सूर्य म्हणून विजेरी घेऊन गेली. रांगेत त्या दिवशी इतिहास होता, तो राहिला.

दुपारी काही नाही. खरंच काही नाही. धाकट्याने दोरी आणि खुर्च्यांचं काहीतरी बांधलं, थोरली वाचत लोळली, मी काम केलं. पहिल्या वर्षी ही दुपार मी 'वाया' या शीर्षकाखाली लिहिली असती.

बुधवार चांगला होता म्हणून तो निवडला, हे कबूल करतो. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारच्या पानावर एकच ओळ आहे: "सगळ्यांवर ओरडलो, दहा वाजता सगळं बंद."

अजून अडलेलं

थोरली लिहीत नाही. बोलते भरपूर, नक्कल सुंदर करते, पण स्वतःचं चार ओळी लिही म्हटलं की पेन्सिलीला टोक करत बसते. तिने सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं, मग तिने त्याची नक्कल करायची, असं सध्या चालू आहे. त्याने सुटेल की नाही, सांगता येत नाही. यासाठीही एक अभ्यासक्रम मिळतो. नमुना पानं पाहिली, मागवला नाही.

मुलं मिसळतात का, हा प्रश्न सगळे विचारतात, बहुतेक उत्तर आधीच ठरवून. आठवड्यातून दोनदा खेळायला जातात, तिथे वेगवेगळ्या वयांची मुलं असतात, धाकटा त्यात खूश आहे. थोरलीला शाळेतली एक मैत्रीण आठवते. ती एकच. महिन्यातून एकदा भेटवतो, तेवढं पुरत नाही.

बाहेरून देण्याच्या परीक्षांचा विचार तेराव्या वर्षापर्यंत ठरवायचा असं आम्ही दोघांनी लिहून ठेवलं आहे. ज्या परीक्षांत शाळेने द्यायचे अंतर्गत गुण किंवा प्रयोगशाळेतलं काम असतं, त्या बाहेरून बसणाऱ्या मुलाला अवघड जातात. विषयांची निवड त्या हिशेबाने आधीपासून करावी लागेल. तोवर मुलगी स्वतःचं मत सांगण्याइतकी मोठी होईल. शाळेत परत जायचं म्हणाली तर जाईल, हेही त्याच पानावर लिहिलं आहे, तिच्यासमोर.

नोंदवही वर्षातून दोनदा, दोन-दोन आठवडे, अजून लिहितो. मागच्या खेपेला सलग मोठा तुकडा पन्नास मिनिटांचा आला. त्यातली पंधरा मिनिटं धाकट्याने आपण होऊन वाचत बसून मला दिलेली. थोरली चौथ्या पातळीच्या मध्यावर आहे, भागाकाराने छळलंय. सोमवारपासून रात्रपाळी. रांगेत विज्ञान पुढे आहे, चुंबकाच्या धड्यापाशी थांबलंय, आणि दोनपैकी एक चुंबक सापडत नाहीये.